वंशावळीत लेकींचाही गोल काढा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आपल्या पुरवणीत मेरी-क्लेअर किंग या, स्तनाच्या कर्करोगाच्या जनुकाचा माग काढणाऱ्या अमेरिकन संशोधक बाईंवर पानभर लेख आला होता. वर गुलाबी फीत, मधोमध अँजेलिना जोलीचा फोटो, आणि किंगबाईंचा फोटो कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढा. तरी लेख चांगला होता. मी दोनदा वाचला आणि कापून ठेवला. त्यात एक वाक्य होतं : ‘आईला किंवा मावशीला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर मुलींनी विशेष सावध राहावे.’ वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. त्याच्या उरलेल्या अर्ध्यापायी आमच्या घराची तीन वर्षं गेली, म्हणून हे पत्र. लांबलं आहे. कात्री लावायचीच असेल तर माझ्या नोकरीच्या आठवणींना लावा, शेवटी फॉर्मविषयी लिहिलंय तिथं लावू नका.

मी तलाठी होतो. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच चालतं. १९८३ साली लागलो, २०१८ साली सुटलो. भूम, परंडा, वाशी याच पट्ट्यात सगळी नोकरी गेली. पस्तीस वर्षांत सर्वांत जास्त वेळा जे काम केलं ते वारसनोंदीचं. खातेदार मयत झाला की वारस ठरवायचे, म्हणजे आधी वंशावळ काढायची. पोलीस पाटील, दोन जाणते पंच, चावडीतली सतरंजी. वर मयताचं नाव, खाली रेघ, रेघेखाली मुलगे. लेकींची नावं विचारली की माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. ‘त्या आपापल्या घरी सुखी हायत की सायब, त्यांचं नाव कशाला घालताव?’ १९९४ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात कायदा बदलला आणि लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा हिस्सा आला. ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्यांना मात्र नाही. २००५ साली केंद्राचाही कायदा आला. नावं घालणं भागच पडलं आणि लगोलग हक्कसोडपत्रांचा सुकाळ झाला. साडीचोळी करून, जेवू घालून, दुय्यम निबंधकाच्या ओट्यावर आणून बसवलेल्या बहिणी मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत.

त्याच १९९४ साली तिकडं अमेरिकेत बीआरसीए-१ हे, बिघडलं तर स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या उतरवणारं जनुक हाती लागलं, हे मला पंचवीस वर्षांनी कळलं. जमिनीच्या वारशातून लेकीला सही करून बाहेर काढता येतं, या वारशातून नाही.

आता घरचं सांगतो. बहिणीला विचारून सांगतोय. तिनं एकच अट घातली, गावाचं नाव घालायचं नाही.

माझ्या वडिलांची आई रझाकाराच्या धामधुमीनंतर दोन-तीन वर्षांनी गेली. वय पस्तीस-अडतीस असेल, नक्की कुणालाच माहीत नाही. ‘छातीला करट झालं हुतं, बिब्बा लावला, डाग दिला, पर बाई वाळतच गेली,’ एवढंच ऐकत आलो. वडिलांची एकुलती बहीण, माझी आत्या, १९८६ साली बेचाळिसाव्या वर्षी गेली. तिच्या सासरी आणि आमच्याकडंही सांगायची पद्धत होती की ती काविळीनं गेली. शेवटी शेवटी डोळे पिवळे झाले होते हे खरं. पण उजव्या बाजूची जखम पदराखाली होती आणि तिचा वास खोलीभर असायचा, हे मी सत्तावीस वर्षांचा असताना स्वतः पाहिलं आहे. उशाला कडुलिंबाचा डहाळा ठेवलेला असे. कावीळ यकृतात रोग उतरल्यामुळं होती, हे पुढं डॉक्टरांकडून समजलं.

वडील ऐंशी वर्षांचे होऊन, म्हातारपणानं गेले. त्यांना काही झालं नाही.

२०१६ साली माझ्या धाकट्या बहिणीला, वय त्रेचाळीस, डाव्या बाजूला गाठ लागली. वाटाण्याएवढी होती तेव्हा तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण दुखत नव्हती. आमच्याकडं दुखलं तर दुखणं. बोराएवढी झाली तेव्हा तिनं माझ्या बायकोला हात लावून दाखवला. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. दवाखान्याचं नाव सांगत नाही, उपचारात त्यांनी कसूर केली नाही. ऑपरेशन, केमो, शेक, सगळं सरकारी योजनेच्या कार्डावर झालं. पहिल्या दिवशी टेबलावरच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, ‘आई, मावशी, बहीण, कुणाला होता?’ बहीण म्हणाली, नाही. खरंच नव्हता, आमच्या आईकडच्या बायका नव्वदीपर्यंत चालत्या-बोलत्या. त्यांनी कागदावर ‘कौटुंबिक इतिहास : नाही’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. मी शेजारी उभा होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वंशावळी काढणारा माणूस. माझ्याही तोंडून आत्याचं नाव निघालं नाही. बाईचा रोग बाईकडून येणार, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं.

२०१९ साली उजव्या बाजूला दुसरी गाठ आली. पहिलीच पसरली असणार असं आम्ही धरून चाललो होतो, पण तपासणीत ती नवी, स्वतंत्र निघाली. या वेळी दुसरा दवाखाना होता. तिथल्या एका बाईंचं कामच मुळी प्रश्न विचारण्याचं. समुपदेशक म्हणतात त्यांना. त्यांनी कोरा कागद पुढं ओढला आणि पेन्सिलीनं काढायला लागल्या : पुरुषाला चौकोन, बाईला गोल. नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, तिच्यातून खाली पोरं. आजारी असेल तो आकार भरून काळा करायचा. मयत असेल तर तिरकी रेघ. ज्याच्यापासून सुरुवात झाली त्याच्याकडं बाण.

मी म्हटलं, ‘बाई, द्या इकडं, माझ्या हातचं काम आहे.’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘आधी आजीचं नाव सांगा.’

मला आजीचं नाव माहीत नव्हतं.

आमच्या जमिनीच्या चतुःसीमा मी झोपेत सांगेन. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात आमच्या पणजोबांचं नाव कुठल्या पानावर आहे ते सांगेन. त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वहीत सात पिढ्या लागतात, त्याही सांगेन. त्या सात पिढ्यांत गोल एकही नाही, सगळे चौकोन. आजीचं नाव, तिला बहिणी किती, त्या कशानं गेल्या, यातलं काही येत नव्हतं. आठ दिवस घेतले. वाशीकडं एक चुलत आत्या आहे, तेव्हा पंच्याऐंशीची, तिच्या ओसरीवर बसलो. तिनं सुपारी कातरता कातरता सांगितलं : आजीचं नाव भागीरथी, माहेर कळंबकडचं. तिला दोन बहिणी. धाकटी ‘आसंच छातीच्या दुखण्यानं’ बाळंतपणानंतर वर्षभरात गेली, थोरली ‘पोटात पाणी होऊन.’ समुपदेशक बाईंना कागद दाखवला तर पोटातल्या पाण्यापाशी त्यांची पेन्सिल थांबली. बीजाशयाचा कर्करोग असाच दिसतो, म्हणाल्या. नक्की सांगता येणार नाही, म्हणून त्यांनी तो गोल अर्धाच भरला.

बहिणीचं रक्त जनुक तपासणीला गेलं. चौदा हजार रुपये पडले, हे मात्र कार्डात बसलं नाही. पाच आठवड्यांनी कागद आला : बीआरसीए-१ मध्ये घातक बदल.

तेव्हापासून मी किंगबाईंबद्दल मिळेल ते वाचत आलो. माझं इंग्रजी अर्जापुरतं, बाकी मुलगा वाचून दाखवतो. या बाई मूळच्या गणिताच्या. १९७५ साली त्यांनी आपले गुरू ॲलन विल्सन यांच्याबरोबर दाखवून दिलं की माणसाची आणि चिंपांझीची प्रथिनं ९९ टक्के सारखी असतात. नाव व्हायला तेवढंच पुरलं असतं, पण १९७४ पासूनच त्या स्तनाच्या कर्करोगामागं लागल्या होत्या. एकाच घरात तिघी-चौघींना तो होतो हे जुन्या वैद्यांनाही दिसलेलं होतं. फ्रान्सच्या पॉल ब्रोका या डॉक्टरांनी १८६६ सालीच आपल्या बायकोच्या माहेरच्या चार पिढ्या मांडून दाखवल्या होत्या. पण त्याला जनुक कारण असेल हे पटायला कुणी तयार नव्हतं. रोगच इतका सर्रास, एका घरात तिघींना झाला तर योगायोग, असं उत्तर यायचं. ते अगदी चुकीचंही नव्हतं. बहुतेक घरांत तो योगायोगच असतो. शंभरातल्या पाच ते दहा रुग्णांतच तो असा वारशानं आलेला असतो, हे आजही खरं आहे. म्हणूनच शोधणं अवघड होतं. नव्वद योगायोगांतून दहा वारस वेगळे काढायचे कसे?

१९८८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,५७९ कुटुंबांचं गणित मांडून सांगितलं की साधारण चार टक्के घरांत हा रोग एकाच जबर जनुकासारखा फिरतो. कोण ते जनुक, कुठं आहे, काही ठाऊक नाही, पण असलं पाहिजे. मग २३ मोठी घराणी घेतली. त्यांत मिळून स्तनाच्या कर्करोगाचे १४६ रुग्ण. गुणसूत्रांवरच्या खुणा एकेक करून तपासायच्या आणि कुठली खूण आजारी बायकांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरते ते बघायचं. सगळी घरं एकत्र धरली की उत्तर पुसट यायचं. मग त्यांनी घरांची रांग लावली, वयानं. ज्या घरात बायका सर्वांत तरुणपणी आजारी पडल्या ते घर वर, म्हातारपणी पडल्या ते खाली. वरच्या घरांत खूण लख्ख दिसली, सतराव्या गुणसूत्रावर. खालच्या घरांत नव्हतीच. १९९० च्या ऑक्टोबरात सिनसिनाटीच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं.

मला यात सर्वांत भावलं ते वयाचं. दप्तरात एखाद्या गटाचा घोळ निस्तरत नसला की आमचे जुने मंडळ अधिकारी म्हणायचे, ‘तारखेनं लाव, मग बोल.’ कागद तारखेनं लावले की खोटा फेरफार आपोआप वर येतो. आमच्याच घरात पाहा : पस्तीस-अडतीस, बेचाळीस, त्रेचाळीस. ही तीन वयं एका ओळीत कुणी लिहिली असती तर २०१६ सालीच कुणीतरी चमकलं असतं.

हे जनुक करतं काय, ते मला डॉक्टरांनी दोनदा समजावलं, पण उमगलं ते माझ्या पद्धतीनं. जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे : लेखनप्रमाद दुरुस्तीचं. नक्कल करताना कारकुनाच्या हातून चूक होणारच, ती सुधारायची सोय हवी. शरीरात पेशींच्या नकला सारख्या चाललेल्या असतात, डीएनएचा धागा तुटतो, आणि तो नीट जोडायच्या कामात बीआरसीए-१ लागतं. प्रत्येकाला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक नासकी आली तरी दुसरी काम चालवते, म्हणून माणूस जन्मतः आजारी नसतो. पुढं कधीतरी एखाद्या पेशीत ती दुसरीही जाते, मग चुका दुरुस्त करणारं कुणी राहत नाही आणि नोंदीवर चुकीच्या नोंदी चढत जातात. असं जनुक घेऊन जन्मलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे सत्तर जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, चाळीसच्या वर जणींना बीजाशयाचा. बापाच्या अंगात ते असलं तरी तो बहुधा धडधाकट राहतो. आमचे वडील राहिले. पण लेकराला देण्याची पाळी आली की आई असो वा बाप, नाणं तेच : छापा किंवा काटा.

किंगबाईंच्या पुढच्या कामात हेच ठळक झालं. न्यूयॉर्क भागातल्या ज्यू बायकांचा त्यांचा अभ्यास २००३ साली आला. त्यांत असे बदल बरेच आढळतात म्हणून त्यांना निवडलं होतं. जनुकात बदल असलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्या जणींच्या जवळच्या नात्यात कुणालाच हा रोग झालेला नव्हता. कारण साधं. बदल बापाकडून आलेला, आणि बापाला बहिणी नव्हत्या किंवा एखादीच होती. घराणं लहान असलं, त्यात पुरुष जास्त असले, की हा वारसा चौकोनाचौकोनातून गुपचूप खाली येतो आणि पहिला गोल आला की दिसतो. पुढं २०१४ साली बाईंनी म्हटलं की नात्यात रोग दिसायची वाट बघू नका, तिशीच्या आसपास प्रत्येक बाईला ही तपासणी देऊ करा. ते आपल्याकडं आज परवडेल का, मला शंका आहे. चौदा हजार हा कोरडवाहूवाल्याला एका हंगामाच्या बियाण्या-खताचा पैसा आहे. शिवाय कधी कधी कागदावर असंही येतं की बदल आहे, पण घातक की निरुपद्रवी ते ठरलेलं नाही. प्रलंबित फेरफार. आपल्या लोकांची जनुकं पुरेशी तपासली गेली नसल्यानं आपल्याकडं असे कागद जास्त येतात, असं त्या समुपदेशक बाई म्हणाल्या.

आपल्या लेखात पेटंटच्या खटल्याला दोन ओळी मिळाल्या, तिथं जरा थांबायला हवं होतं. जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे हे किंगबाईंनी दाखवलं, नावही त्यांनीच दिलं, पण नेमकं जनुक १९९४ साली आधी पकडलं ते युटामधल्या मार्क स्कॉल्निक यांच्या गटानं, मिरियड नावाच्या कंपनीसह. कंपनीनं त्यावर पेटंट घेतलं. म्हणजे अमेरिकेत कुठल्याही बाईनं आपलंच जनुक तपासून घ्यायचं तर त्याच कंपनीच्या दारात जायचं, आणि ती सांगेल तो भाव. आमच्या भाषेत हे गायरानावरचं अतिक्रमण. गायरान तुम्ही शोधून काढलंत, मोजणी केलीत, नकाशा केलात, मान्य. म्हणून सातबारा तुमच्या नावावर होत नाही. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं नऊच्या नऊ न्यायमूर्तींच्या एकमतानं तेच सांगितलं : निसर्गात आहे त्या डीएनएवर कुणाची मालकी लागत नाही. तो निकाल लागेपर्यंत तिथल्या बाईला त्या एकाच दारात उभं राहावं लागत होतं.

याच बाईंनी अर्जेंटिनात केलेलं काम लेखात नव्हतं. तिथं १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती, माणसं उचलून नेत आणि त्यांची तान्ही पोरं परस्पर दुसऱ्यांना देऊन टाकत. त्या पोरांच्या आज्या चौकात उभ्या राहिल्या : आमची नातवंडं द्या. पण ओळखायची कशी, आई-बाप दोघंही मारलेले. १९८४ पासून किंगबाईंनी त्यांना मदत केली. डीएनएचा एक लहानसा भाग फक्त आईकडून लेकरात येतो, त्यावरून आईची आई कोण हे लावता येतं. त्र्यंबकेश्वरच्या वहीच्या नेमकी उलटी वंशावळ. नुसते गोल.

तर मग आमच्या घरात पुढं काय झालं? एकदा घरातला बदल नेमका कुठं आहे हे कळलं की बाकीच्यांचा तेवढाच ठिकाणा तपासायचा असतो, त्याला पैसे फार कमी लागतात. बहिणीनं २०२० साली बीजाशयं काढून घेतली. आज ती बरी आहे, शेळ्या सांभाळते, दर सहा महिन्यांनी दाखवून येते. मी तपासून घेतलं. माझ्यातही बदल आहे. माझ्या मुलीत नाही. कागद आला त्या दिवशी ती लातूरहून फोनवर नुसती रडली. मुलानं अजून तपासलेलं नाही. ‘मला काय होणाराय?’ म्हणतो. त्याला दोन वर्षांची पोर आहे.

आणि भाची. सव्वीस वर्षांची, डी.फार्म. झालेली, तिला सगळं समजतं. दाजी म्हणतात, लग्न होईपर्यंत थांबा. तपासलं आणि असलं निघालं तर सोयरीक कोण करेल? मला त्यांच्यावर चिडता येत नाही. २०१४ साली माझ्या मुलीचं ठरत होतं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं होतं, ‘घराण्यात काही दुखणं?’ मी पान पुढं करत म्हणालो होतो, ‘आत्या काविळीनं गेली, बाकी काही नाही.’ कोणी शपथ घातली नव्हती, पण पंचनाम्यावर खोटं लिहिल्यासारखं ते अजून सलतं. बहिणीला विचारलं गेलं तेव्हा माझी जीभ उचलली नाही, त्याचंही मूळ तिथंच असणार. काविळीची गोष्ट सांगून सांगून आम्हालाच खरी वाटायला लागली होती. त्या २३ घराण्यांनी अशीच कावीळ सांगितली असती तर किंगबाईंचं गणित कुठल्या वाटेनं गेलं असतं?

भाचीला मी एवढंच सांगितलं : तपासायचं की नाही ते तू ठरव, पण पंचविशी ओलांडली आहे, वर्षातून एकदा एमआरआय करून घे आणि डॉक्टरांना सांगताना काहीही लपवू नकोस. ती करते, पुण्याला जाऊन. दाजींना परीक्षा असल्याचं सांगते.

आपल्याकडच्या बायका सांगत नाहीत, असं म्हणून हात झटकू नये. विचारणारं नीट असलं की त्या सांगतात. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयानं १९८७ साली बार्शी, भूम आणि परंडा या तीन तालुक्यांतल्या खेड्यांची कर्करोग नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागातली ती देशातली पहिली. त्यांची माणसं गावोगाव यायची, चावडीवर बसायची, माझ्याकडूनही मयतांची नावं घेऊन जायची. आधी लोक दूर सरायचे, मग स्वतःहून सांगायला लागले, ‘आमच्या वस्तीवर एक हाय.’ आणि आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १,३१,७४६ बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या मोठ्या अभ्यासात होत्या. २००९ साली तो छापून आला. तो कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू निम्म्यावर येतात हे जगाला त्यातून कळलं. त्यांत माझी बायको होती. सहा महिने शिबिराच्या पिशवीतून बाजार आणायची. तिच्या लेखी तो अभ्यास म्हणजे ती पिशवी.

आता फॉर्मचं. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात. बिनसंसर्गी आजारांचा, कंबर मोजतात तो. तंबाखू, दारू, कंबर, चालणं-फिरणं, सगळ्याला गुण आहेत. त्यात बायकांना गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, हेही विचारतात. चांगलंच आहे. घराण्याचाही प्रश्न आहे : आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार? कर्करोग त्यात नाही. आत्या नाही, आजी नाही. माझी मागणी एका ओळीची आहे, पैशाची नाही. त्या प्रश्नात कर्करोग घाला, आणि दोन्हीकडच्या आज्या, मावश्या, आत्या घाला. किती वयात झाला, हा एक चौकोन ठेवा. ज्या घरात दोन गोल काळे निघतील आणि वय पन्नाशीच्या आत असेल, त्या घरातल्या रुग्ण बाईची जनुक तपासणी योजनेच्या कार्डात बसवा. सगळ्यांची नको, तेवढ्यांचीच. जिल्ह्याला अशी घरं किती निघतील, सांगता येत नाही, पण तलाठ्याच्या दप्तरापेक्षा ती यादी नक्कीच लहान असेल.

गेल्या महिन्यात आशाताई आमच्याकडं आल्या होत्या. मी आत जाऊन कागद आणला. मीच काढलेला, पट्टीनं. सहा पिढ्या, चौकोन आणि गोल, वरच्या डाव्या कोपऱ्यात भागीरथी आणि तिच्या दोघी बहिणी. आशाताईंनी चष्मा लावून नीट बघितला. मग फॉर्म चाळला, पुढून, मागून. म्हणाल्या, ‘आण्णा, हे कुठल्या रकान्यात लिहू?’ रकाना नव्हता. त्यांनी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं तीन गोल काढले.

आपला,
एक निवृत्त तलाठी
ता. भूम, जि. धाराशिव
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)